प्रिफिक्सची यादी पाठ करत बसू नको

भावा, स्पर्धा परीक्षेचं इंग्लिश चालू केलंस ते बेस केलंस, पण ती प्रिफिक्सची, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला लागणाऱ्या तुकड्यांची, यादी घोकणं आधी थांबव. 'इन' दिसला की 'नाही' अर्थ लावून मोकळं व्हायचं ही सवय लई महागात पडते. साताऱ्याजवळ हायवेला पेट्रोलच्या टँकरमागं बघ, 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पेट न घेणारं असा नाय, उलट चटकन पेट घेणारं, कारण हा 'इन' लॅटिनमधला 'आत' वाला आहे, नकाराचा नाहीच, आणि फ्लेमेबलचा अर्थ पण तोच. पेट घेत नाही म्हणायचं असेल तर नॉनफ्लेमेबल.

इनव्हॅल्युएबल मात्र वेगळं, तिथं नकारच आहे पण अर्थ 'किंमतच करता येत नाही' म्हणजे अनमोल.

इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर ही तिन्ही नकाराच्या 'इन'चीच रूपं, पुढच्या अक्षराप्रमाणे बदललेली. आपल्याकडं सत् अधिक जन सज्जन होतं ना, तसंच, त्यामुळं वेगवेगळी पाठ करायची गरज नाही.

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, हे पक्कं कर, हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर उतरणं, इथं गल्लत नको. अँटी म्हणजे विरोधी आणि अँटे म्हणजे आधी, घड्याळातल्या एएम मधला ए हा अँटेच, मध्यान्हीच्या आधी.

आणि बायवीकली आठवड्यातून दोनदा पण होतं, दोन आठवड्यांनी एकदा पण, म्हणून स्वतः लिहिताना तो शब्द टाळ, सरळ दिवस लिही.