रीफ टँकचं फिल्ट्रेशन: आत्ता एवढंच बघा

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, त्यासाठी घ्यायच्या फिल्टरच्या सामानाची तुमची यादी वाचली. कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), रिअॅक्टर (पाणी शुद्ध करणारं माध्यम भरलेली नळी) यातलं आत्ता काहीही घेऊ नका. रीफमध्ये खरा फिल्टर म्हणजे सच्छिद्र दगडावर वाढणारे जिवाणू.

- दगड: कोरडा रीफ रॉक घ्या. किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. रचताना मागच्या काचेला खेटवू नका, पाणी मागूनही फिरलं पाहिजे.
- पाणी: आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेलं), टीडीएस (विरघळलेले क्षार) 0. स्वयंपाकघरातल्या आरओचं नको, त्यात शेवाळाला खाद्य उरतं. मीठ घातल्यावर क्षारता 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार).
- स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र): नवा असताना काही दिवस वेड्यासारखा फेस काढतो किंवा काहीच काढत नाही. त्याचं सेटिंग सारखं पिळत बसू नका. कपात चहाच्या रंगाचं, घाण वासाचं पाणी जमायला लागलं की समजा, स्किमर रुळला.
- फिल्टर सॉक (कचरा अडवणारी कापडी पिशवी): दर तीन-चार दिवसांनी धुवा. आठवडाभर तसाच ठेवला तर तोच नायट्रेट (घाण कुजून शेवटी उरणारा घटक) वाढवतो.

संप (मुख्य टँकखालची दुसरी टाकी) असेल तर मीठ घालण्याआधी रिटर्न पंप (पाणी परत वर नेणारा) मुद्दाम बंद करून बघा. वरून उतरलेलं सगळं पाणी संपमध्ये मावलं पाहिजे. नाही मावलं तर वीज जाईल तेव्हा हॉलमध्ये समुद्र! हे बहुतेक जण तपासतच नाहीत.

आणि मासे? अमोनियाचा स्रोत देऊन सायकल सुरू करा, म्हणजे दगडावर जिवाणू वाढू द्या; ते अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट दिसतोय, मगच पहिला मासा. एकच. दुकानदार जोडीने घ्या म्हणेल, तरी एकच.

डोसिंगचं (प्रवाळांना लागणारे क्षार मोजून घालण्याचं) नंतर बोलू. टँकचा आकार आणि संपचा फोटो टाका.