गाडी आईची, चालवली पोरानं: विमा कंपनी किती भरणार?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव वगळून मजकूर थोडक्यात देते. त्यांच्या नावावर ११० सीसीची स्कूटर आहे. मुलगा १७ वर्षं ४ महिन्यांचा, बारावी सायन्सला. पहाटेच्या क्लासला तो गेले सहा महिने हीच स्कूटर नेत होता. बारा दिवसांपूर्वी वळणावर गाडी घसरली आणि फिरायला निघालेल्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांना धडकली. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड घालावा लागला. मुलाच्याही गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. पोलिसांनी पंचनामा केला, गाडी ठाण्यात आहे. विमा कंपनी चालकाच्या लायसन्सची प्रत मागते आहे. एजंटचा सल्ला असा की, २३ वर्षांच्या पुतण्याकडे लायसन्स आहे, तोच चालवत होता असं क्लेम फॉर्मवर लिहा. न्यू जर्सीतल्या नणंदेनं फोनवर सांगितलं की तिनं तिच्या सतरा वर्षांच्या मुलाचं नाव घरच्या पॉलिसीत घातलं, हप्ता भरमसाट वाढला, पण मुलगा निर्धास्त गाडी नेतो. या ताई विचारतात, ‘आम्हीही जादा हप्ता भरून मुलाचं नाव घालायला हवं होतं का? आता कंपनी पैसे देईल का? आणि मला तुरुंगात जावं लागेल का?’

ताई, आधी एजंटचं. तो फॉर्म अजून भरला नसेल तर भरू नका, आणि भरून दिला असेल तर आजच कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करा. अपघातानंतर मुलाला दवाखान्यात नेलं तेव्हा कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘दुचाकी चालवताना पडून इजा’ अशी नोंद झालेली असणार. पंचनाम्याला बघ्यांपैकी दोघं पंच असतात. वळणावरच्या दुकानाचा कॅमेरा असतो. कंपनीचा तपासनीस हे सगळं गोळा करतो, ते त्याचं रोजचं काम आहे. खोटं उघडं पडलं की क्लेम तर जातोच, शिवाय गुन्हेगाराला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिल्याचा आणि खोट्या पुराव्याचा भारतीय न्याय संहितेखालचा वेगळा गुन्हा अंगावर येतो. आणि पुतण्याचा विचार केलात का? तो फौजदारी खटल्यात आरोपी होईल, नुकसानभरपाईच्या दाव्यात जाबदार होईल. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पडताळणीत हा खटला त्याच्यासमोर उभा राहील. न केलेल्या चुकीसाठी. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. घरच्या चालकानं गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोप झाला आणि अपघाताच्या गुन्ह्याबाहेर घरातल्या मोठ्यांवर दुसरा गुन्हा दाखल झाला. तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही. ते तसं होऊ देऊ नका.

आता नणंदेचं. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याकडे खरं आहे. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना आणि सतराव्या वर्षी अटींसह लायसन्स मिळतं. तिथे हप्ता ठरवताना घरात कोण कोण गाडी चालवतं, त्यांचं वय काय, अपघात किती झाले हे पाहतात. मिसरूड फुटलेला मुलगा यादीत आला की धोका वाढला म्हणून हप्ता चढतो. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता माणसावर नाही, गाडीवर ठरतो. केंद्र सरकारनं जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आहेत, कर वेगळा. ती दुचाकी साठ वर्षांच्या आजोबांनी चालवली काय किंवा कालच लायसन्स मिळालेल्या अठरा वर्षांच्या मुलीनं चालवली काय, आकडा तोच. त्यामुळे ‘नाव घालायचं राहून गेलं’ ही रुखरुख मनातून काढून टाका. सतरा वर्षांच्या मुलाला ११० सीसी गाडीसाठी संरक्षण देणारी पॉलिसी या देशात कुठलाही हप्ता भरून मिळाली नसती, कारण त्याला ती गाडी चालवण्याचं लायसन्सच मिळू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वय १८ हवं. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं, आणि तसल्या गाड्या आता शोरूममध्ये शोधून सापडत नाहीत.

पॉलिसीच्या कागदात चालकाविषयी एक कलम असतं. बारीक अक्षरात असतं, पण खरं वजन त्याचंच. मालकासह कोणीही गाडी चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे वैध लायसन्स हवं, असं ते सांगतं. पुढे असंही म्हणतं की शिकाऊ लायसन्सवालाही चालेल, पण त्यानं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला असावा. म्हणजे गाडीला पुढे-मागे लाल ‘एल’ लावलेलं, मोटार असेल तर शेजारी लायसन्सधारक शिकवणारा बसलेला, दुचाकी असेल तर मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणी नाही. हे मी तुमच्यापेक्षाही ज्यांची मुलं नुकतीच अठरा पूर्ण झाली आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे. शिकाऊ लायसन्स खिशात ठेवून मित्राला डबलसीट घेऊन जाणारी मुलं रोज दिसतात. त्यांच्या आईवडिलांना वाटतं, लायसन्स आहे, विमा आहे, झालं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. कंपनी पैसे देईल का? तुमच्या स्कूटरची दुरुस्ती कंपनी देणार नाही, ते सोडून द्या. जखमी आजोबांना मात्र बहुतेक देईल, आणि मग ते तुमच्याकडून वसूल करेल. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली स्वरण सिंह खटल्यात हे तत्त्व घालून दिलं. रस्त्यावरच्या माणसानं तुमच्या पॉलिसीच्या अटी वाचलेल्या नसतात, त्याची भरपाई अडकू नये. मालकानं अट मोडली हे कंपनीनं सिद्ध केलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट, कंपनीला ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगू शकतं. कोर्टाच्या आवारात याला ‘पे अँड रिकव्हर’च म्हणतात. त्या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावा लावावा लागत नाही, हे त्याच वर्षी नंजप्पन खटल्यात ठरलं. त्याच न्यायाधिकरणासमोर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही वसूल होऊ शकते. समजा आजोबांना सहा लाख मंजूर झाले, तर व्याजासह ते सहा लाख शेवटी तुमच्या घरातून जातील. ७१४ रुपयांच्या विम्यानं त्यांना वाचवलं, तुम्हाला नाही.

‘किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असते, त्यानं न विचारता नेली असं म्हटलं तर?’ असंही तुम्ही विचारलंत. २०११ च्या जवाहर सिंह विरुद्ध बाला जैन खटल्यात नेमका हाच बचाव होता. नात्यातला अल्पवयीन मुलगा परवानगीशिवाय मोटरसायकल घेऊन गेला, असं मालक म्हणत होता. गाडीचा असा गैरवापर होऊ न देणं ही मालकाचीच जबाबदारी, असं न्यायालयानं धरलं आणि वसुली मालकाकडून कायम ठेवली. शिवाय तुम्ही स्वतःच मला लिहिलं आहे की तो सहा महिने क्लासला ही गाडी नेत होता आणि तुम्हाला माहीत होतं. शपथेवर उलट सांगू नका. क्लासची मुलं, शेजारी, वॉचमन, सगळ्यांना ते ठाऊक आहे.

तिसऱ्या प्रश्नानं तुमची झोप उडाली आहे, हे पत्राच्या अक्षरावरून दिसतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९९अ आलं, १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं. अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तुम्ही दोन्ही आहात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलगा तुमच्या संमतीनंच गाडी चालवत होता असं कोर्ट गृहीत धरतं. माहीत नव्हतं किंवा रोखण्यासाठी सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. दंड भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत हे कलम नाही, म्हणून ‘पावती फाडून मोकळे व्हा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

तरीही घाबरून जाऊ नका. ‘तीन वर्षांपर्यंत’ ही कमाल मर्यादा आहे, किमान कैद या कलमात लिहिलेली नाही. पहिला गुन्हा, जखमीला तुम्ही स्वतः दवाखान्यात नेणं, उपचारात केलेली मदत, तपासात लपवाछपवी नसणं, हे सगळं शिक्षा ठरवताना न्यायाधीशांसमोर मांडता येतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी साधारणपणे अटक न करता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं. नोटीस आली की ठरल्या वेळी जा. मात्र या कलमात जामिनाचा प्रश्न नाजूक आहे, तेव्हा जाण्याआधी तुमच्याच तालुक्यातल्या फौजदारी वकिलाला भेटा आणि अटकपूर्व जामिनाची गरज आहे का ते त्यांना ठरवू द्या. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे चालेल. तिथे त्याच्यासोबत तुम्ही दोघांनी जायचं. पुण्यात असलेल्या त्याच्या वडिलांना रजा काढून यावं लागलं तरी.

आता आजोबांच्या मुलानं पन्नास हजार घेऊन ‘आमची काही तक्रार नाही’ असं स्टँप पेपरवर लिहून द्यायची तयारी दाखवली आहे, त्याविषयी. मी असा कागद करू नका म्हणेन. मांडीचं हाड मोडलेल्या सत्तरीच्या माणसाला सहा महिने, कदाचित जास्त, दुसऱ्याच्या आधारानं उठावं लागतं. पन्नास हजारांत त्यांचं ऑपरेशनही भागलं नसेल. तो कागद त्यांच्यावर अन्याय करतो आणि तुमचंही रक्षण करत नाही. १९९अ चा खटला त्यानं थांबत नाही आणि ते भरपाईचा अर्ज पुढे करूच शकतात. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत त्यांना तो करावा लागतो. त्यांना हे माहीत नसेल तर तुम्हीच सांगा. तुमचा वकील कपाळाला हात लावेल, पण मला ते योग्य वाटतं, कारण न्यायाधिकरणातून रीतसर जाण्यातच तुमचाही फायदा आहे. तिथे रक्कम हिशेबानं ठरते, कंपनी आधी भरते, आणि लोक अदालतीत तिघांनी बसून तडजोड करता येते. वसुलीचे हप्ते पाडून देण्याविषयी कंपनीशी बोलणीही तिथेच होतात.

त्यांच्या उपचाराला मदत जरूर करा. पैसे रोख हातात न देता दवाखान्याच्या बिलावर थेट भरा, पावती स्वतःकडे ठेवा आणि ‘उपचारासाठी मदत, अंतिम भरपाईत वजा व्हावी’ असं लिहून त्यांची सही घ्या. पॉलिसीत एक अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकानं कुठलंही देणं कबूल करायचं नाही, म्हणून त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. भेटायला जायला मात्र कुणाची संमती लागत नाही. मुलाला घेऊन जा.

मुलाच्या स्वतःच्या उपचाराचं तुम्ही विचारलं नाहीत. स्कूटरच्या पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा लायसन्स असलेल्या मालक-चालकासाठी असतो, तो त्याला मिळणार नाही. पण तुमच्याकडे कुटुंबाचा आरोग्य विमा आहे असं लिहिलंय. तिथे क्लेम जरूर करा, सगळं खरं लिहून. आरोग्य विम्यात ‘गुन्हेगारी हेतूनं कायदा मोडताना’ झालेली इजा वगळलेली असते. क्लासला निघालेल्या मुलाचा गुन्हेगारी हेतू नव्हता. कंपनीनं नाकारलं तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे आणि मग विमा लोकपालाकडे दाद मागा, तिथे फी लागत नाही.

धाकट्या मुलीसाठी ‘लायसन्स न लागणारी’ इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा विचार दिसतोय. अडीचशे वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी हलकी गाडी कायद्यानं मोटार वाहन मानली जात नाही, तिला लायसन्स आणि विमा लागत नाही, हे बरोबर. पण विमा लागत नाही याचा अर्थ, तिनं कुणाला धडक दिली तर आधी भरणारी कंपनीच नाही. सगळं थेट तुमच्यावर. आणि विक्रेत्यानं ‘वेग वाढवून देतो’ म्हणत कंट्रोलर बदलला की ती गाडी त्या सवलतीतून बाहेर पडते आणि पुन्हा तुम्ही आजच्याच जागी येता. दहावी होईपर्यंत तिला सायकल द्या.

या आठवड्यात पॉलिसीची पूर्ण प्रत मागवून घ्या, फक्त पहिलं पान नको. कंपनीच्या पत्राला उत्तर द्या: चालक मुलगा, वय १७ वर्षं ४ महिने, लायसन्स नाही. ठाण्यातून पहिल्या अपघात अहवालाची प्रत घ्या, तो पोलिसांनी ४८ तासांत करायचा असतो. दवाखान्याची कागदपत्रं, भरलेल्या बिलांच्या पावत्या, मुलाचा जन्मदाखला एका फाइलमध्ये लावा. न्यायाधिकरणाची नोटीस आली की पहिल्याच तारखेला वकीलपत्र दाखल करा. ‘कंपनी बघून घेईल’ म्हणून गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होतो आणि वसुलीच्या वेळी तुमची बाजू मांडायला काही उरत नाही. वकील परवडत नसेल तर सातारच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.