वाचकांचे प्रश्न : कार्यालयाचे टपाल आणि एआय मदतनीस

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे कार्यालयातील ई-मेल, कॅलेंडर आणि कामांच्या याद्या एआय मदतनीसाकडे सोपवण्याबद्दल होती. त्यांतील चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण अनेकांच्या अडचणींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा लहान कारखाना आहे. खरेदी, विक्री आणि हिशेब या तिन्ही विभागांचे ई-मेल मी एकटीच पाहते. रोज सुमारे दीडशे ई-मेल येतात. मालकांनी एआय मदतनीस घेतला, तो रोज सकाळी 'महत्त्वाच्या' ई-मेलचा सारांश देतो; पण तो वाचूनही मला सगळे ई-मेल उघडावेच लागतात. महिना झाला, काम कमी झालेले नाही. माझे कुठे चुकते आहे? शिवाय, ग्राहकांच्या विचारणांना त्यानेच परस्पर उत्तरे द्यावीत असे मालकांचे म्हणणे आहे. ते मान्य करावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. तुमच्या कार्यालयात 'महत्त्वाचे' कशाला म्हणायचे, हे त्या मदतनीसाला कोणी सांगितलेले नाही, आणि न सांगता ते त्याला कळणेही शक्य नाही. त्याच्यासमोर फक्त शब्द असतात. 'तातडीचे', 'शेवटची संधी', 'आजच कळवा' असे शब्द दिसले की तो ई-मेल वर चढतो, आणि असे शब्द जाहिरातींतच सर्वांत जास्त असतात. याउलट जुन्या ग्राहकाने 'सुधारित ड्रॉइंग सोबत जोडले आहे' एवढी एकच ओळ शांतपणे लिहिलेली असते, आणि ती नजरेतून सुटली तर जुन्या मापाचे पाचशे नग तयार होऊन भंगारात जातात.

म्हणून 'महत्त्वाचे' हा निकषच काढून टाका, असे मी सुचवीन. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत दप्तर लावण्याची सहा गठ्ठा पद्धत आहे. मी ती नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो, आणि कागदांच्या जागी ई-मेल आले तरी तिच्याइतकी समंजस व्यवस्था मला दुसरी सापडलेली नाही. काम चालू असलेली प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठराविक मुदतीने पाठवायची नियतकालिके, वारंवार संदर्भासाठी लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची निकाली प्रकरणे आणि नष्ट करायची 'ड' वर्गातील कागदपत्रे, असे हे सहा गठ्ठे. या मांडणीत कागद किती महत्त्वाचा, असा प्रश्न कोणी विचारत नाही. पुढचे पाऊल कोणी आणि कधी टाकायचे, एवढेच पाहिले जाते. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ई-मेलच्या मजकुरातच असते, त्यामुळे यंत्रालाही ते बऱ्यापैकी सापडते.

तुमच्या मदतनीसाला हे सहा गठ्ठे तुमच्या शब्दांत समजावून सांगा, आणि प्रत्येकासाठी तुमच्याच टपालातील चार-पाच उदाहरणे द्या. सुधारित ड्रॉइंग, प्रमाण किंवा दर बदललेला खरेदी आदेश आणि माल नाकारल्याची सूचना हे ई-मेल कितीही थोडक्यात लिहिलेले असले तरी पहिल्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवायचे, असे स्पष्ट लिहा. नियतकालिकांसाठी तर ई-मेल येण्याची वाटही पाहू नका. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची ११ तारीख, जीएसटीआर-३बी ची २० तारीख आणि भविष्य निर्वाह निधीची १५ तारीख या तारखा कॅलेंडरमध्ये तुम्ही स्वतः एकदाच नोंदवून ठेवाव्यात, आणि मदतनीसाने तीन दिवस आधी आठवण द्यावी.

खरा लाभ दुसऱ्या गठ्ठ्यात आहे, आणि तिथेच बहुतेक लोक या साधनाचा उपयोग करत नाहीत. आलेला ई-मेल डोळ्यांसमोर राहतो. आपण पाठवलेला आणि उत्तर न आलेला ई-मेल मात्र पाठवलेल्यांच्या यादीत खाली खाली जातो आणि विसरला जातो. दर सोमवारी मदतनीसाला असे सांगा : 'गेल्या पंधरा दिवसांत मी पाठवलेल्या ई-मेलपैकी ज्यांत मी काही मागितले आहे आणि ज्यांना उत्तर आलेले नाही, त्यांची यादी कर, कोणाकडे, कोणत्या तारखेला, काय मागितले ते प्रत्येकासमोर लिही.' तुमच्यासारख्या कारखान्यात या यादीचा पैशांशी थेट संबंध आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे असतात. बीजकावरील तारखेपासून नव्हे. मदतनीसाला हे सांगितले नाही तर तो हमखास बीजकाची तारीख धरेल. माल पोचल्याची सही असलेली पावती शोधून त्या तारखेपासून दिवस मोजायला सांगा, आणि पावती न सापडलेली बीजके वेगळी काढायला सांगा. ही वेगळी काढलेली बीजकेच पुढे वादात अडकतात.

सहाव्या गठ्ठ्यातील ई-मेल मदतनीसाने फक्त बाजूला ठेवावेत. ते पुसण्याचे काम तुमच्याकडेच राहू द्या. पहिले तीन आठवडे रोज पंधरा मिनिटे काढून, चुकीच्या गठ्ठ्यात गेलेल्या ई-मेलची नोंद एका वहीत करा आणि दर शनिवारी त्या चुकांवरून सूचना सुधारा. हे पंधरा मिनिटांचे काम टाळले, तर वर्षभरानंतरही तुम्ही आजच्याच जागी असाल.

परस्पर उत्तरांबाबत मी मालकांशी सहमत नाही. कॅनडातील एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित संवादकाने एका प्रवाशाला सवलतीच्या नियमांबद्दल चुकीची माहिती दिली होती. त्या संवादकाच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. तो निर्णय आपल्याकडे बंधनकारक नाही. पण 'माल १२ तारखेला पोचेल' असे तुमच्या पत्त्यावरून गेलेले वाक्य ग्राहकाच्या दृष्टीने तुमच्या कारखान्याचा शब्द असतो, मग ते कोणीही लिहिलेले असो. यंत्रावर किती भार आहे, कच्चा माल आला की नाही, रात्रपाळीला माणूस आहे का, हे मदतनीसाला दिसत नाही. त्याने मसुदा तयार करावा, तारखेची जागा मोकळी सोडावी, आणि ती भरून ई-मेल तुम्ही पाठवावा.

प्रश्न : मी पुण्यातून जर्मनीतील आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर काम करतो. माझा मदतनीस ई-मेल आणि गप्पांतील निरोप वाचून बैठका आपोआप कॅलेंडरमध्ये टाकतो. दोन महिन्यांत माझ्या दोन महत्त्वाच्या बैठका चुकल्या. दोष कोणाचा?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : थोडा भाषेचा आणि थोडा घड्याळाचा. आपण मराठीत 'परवा' हा एकच शब्द होऊन गेलेल्या आणि येणार असलेल्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरतो. 'परवाच्या बैठकीचे काय?' हे वाचून माणूस संदर्भाने अर्थ लावतो; यंत्र अंदाज करते. 'पुढच्या शुक्रवारी' या शब्दांनी काही जण याच आठवड्यातला शुक्रवार सांगतात, काही जण त्यानंतरचा. ०३/०४ ही तारीख पुण्यात ३ एप्रिल असते, अमेरिकेत ४ मार्च. सहकाऱ्यांशी लिहिताना महिना अक्षरांत लिहायचा आणि वारही द्यायचा, एवढी एक सवय लावली तरी बऱ्याच चुका टळतील.

घड्याळाची गोष्ट अशी की, भारतात वर्षभर एकच वेळ चालते, पण जर्मनी आणि अमेरिका वर्षातून दोनदा घड्याळे बदलतात आणि तीही वेगवेगळ्या दिवशी. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, जर्मनीत मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. बर्लिनमधील दुपारी दोनची साप्ताहिक बैठक हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते, उन्हाळ्यात साडेपाचला. संयोजकाने स्वतः पाठवलेल्या निमंत्रणात हा फरक कॅलेंडर सांभाळून घेते. मदतनीसाने निरोपातून 'साडेसहा' हा आकडा उचलून वेगळी नोंद केली असेल, तर तो तसाच राहतो आणि मार्चअखेर तुम्ही एक तास उशिरा पोचता. तेव्हा निरोपांवरून केलेली प्रत्येक नोंद 'तात्पुरती' म्हणून दाखवायला त्याला सांगा आणि सहकाऱ्याकडून रीतसर निमंत्रण आल्यावरच ती पक्की करा.

प्रश्न : मी एका कर सल्लागारांच्या कार्यालयात साहाय्यक आहे. अशिलांचे ई-मेल मी माझ्या मोबाइलवरील मोफत एआयमध्ये टाकते आणि त्याच्याकडून उत्तरांचे मसुदे करून घेते. काम भराभर होते, सरही खूश आहेत. पण मी हे कसे करते ते त्यांना माहीत नाही. यात काही गैर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, गैर आहे, आणि तुमचा हेतू चांगला असल्यामुळेच मी हे स्पष्ट सांगतो आहे. आजपासून हे थांबवा आणि सरांना स्वतःहून सांगा. अशिलाने आपला पॅन, आधार, बँकेचे उतारे आणि घरातील देवघेव तुमच्या कार्यालयावर विश्वास ठेवून दिलेली असते. व्यक्तिगत मोफत खात्यात टाकलेला मजकूर त्या सेवेच्या अटींनुसार साठवला जाऊ शकतो आणि पुढच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो, आणि त्यावर तुमच्या कार्यालयाचा कोणताही ताबा राहत नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत संगणकीय संहिता चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाल्यावर त्या कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये गोपनीयतेच्या कारणास्तव कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत, अशी सूचना कर्मचाऱ्यांना दिली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही अशिलांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या सरांवर, टाकलेली आहे. त्यांच्या नकळत तुम्ही त्यांना अडचणीत आणत आहात.

यावर उपाय आहे. कार्यालयाच्या सशुल्क ई-मेल सेवेत असा मदतनीस बहुधा आधीच असेल. गूगलने जानेवारी २०२५ पासून व्यावसायिक योजनांतच जेमिनी या आपल्या मदतनीसाचा समावेश केला, आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये कोपायलट या आपल्या मदतनीसासाठीची किमान ३०० वापरकर्त्यांची अट काढून टाकली, त्यामुळे लहान कार्यालयालाही तो घेता येतो. त्या खात्याच्या अटी सरांसोबत बसून वाचा आणि मगच सुरुवात करा.

मात्र एक धोका तिथेही उरतो. बाहेरून आलेला ई-मेल तुमच्यासाठी नुसता मजकूर असतो. मदतनीसासाठी त्याच मजकुरातील वाक्य आज्ञाही ठरू शकते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधील 'इकोलीक' नावाची त्रुटी जाहीर झाली. खास रचलेला एक ई-मेल पाठवून, समोरच्याने काहीही न दाबता, कोपायलटकडून अंतर्गत माहिती बाहेर काढता येईल, असे संशोधकांनी दाखवून दिले होते. मायक्रोसॉफ्टने ती त्रुटी दुरुस्त केली. पण अनोळखी मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक मदतनीसाला हा धोका लागू आहे. म्हणून त्याला वाचण्याची आणि मसुदा करण्याची मुभा द्या. पाठवण्याची, पुसण्याची आणि जोडपत्रे दुसरीकडे धाडण्याची देऊ नका. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा ई-मेल आला तर, सारांशात काहीही लिहिलेले असो, अशिलाच्या जुन्या दूरध्वनी क्रमांकावर स्वतः बोलून खात्री करा.

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेचा शिक्षण विभागाशी होणारा पत्रव्यवहार मराठीत असतो. एआयने लिहिलेली मराठी पत्रे वाचवत नाहीत. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : 'मी आशा करतो की हा ईमेल आपणास चांगल्या स्थितीत सापडेल' असे वाक्य मीही पाहिले आहे, आणि आपल्या भाषेत कार्यालयीन पत्राची इतकी नेटकी रीत असताना ते वाचून वाईट वाटते. मदतनीसाला 'औपचारिक मराठीत लिही' एवढेच सांगून भागत नाही. तुमच्या संस्थेच्या दप्तरातील पाच-सहा चांगली पत्रे, त्यांतील नावे आणि क्रमांक झाकून, त्याला नमुना म्हणून द्या : एक विनंतीचे, एक स्मरणपत्र, एक अनुपालन अहवालासोबतचे. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून' ही सुरुवात आणि 'आपला विश्वासू' हा शेवट तो त्यांतून बरोबर उचलतो. 'आपण' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळ होऊ देऊ नये, असेही वेगळे सांगावे लागते.

सर्वांत जास्त लक्ष संदर्भाच्या ओळीवर ठेवा. जावक क्रमांक किंवा शासन निर्णयाची तारीख माहीत नसेल, तर मदतनीस तिथे खरी वाटेल अशी एखादी संख्या लिहून मोकळा होतो, आणि पत्र नीटनेटके दिसत असल्यामुळे ती कोणी तपासत नाही. 'माहीत नसलेला क्रमांक वा तारीख लिहू नकोस, तिथे रेघ मारून जागा सोड' ही सूचना प्रत्येक वेळी द्या. ती जागा लेखनिकाने आवक-जावक नोंदवही उघडून स्वतःच्या हाताने भरावी.