वडिलांना स्वरतंतूचा पहिल्या टप्प्याचा कॅन्सर आहे. रेडिएशनने बरं होणं कशावर अवलंबून असतं? मधे आठवडाभर गावी जाऊन आलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, गावी जाऊ देऊ नका.

मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. पेशंटला मशीनखाली झोपवायचं, मास्क बसवायचा, शेक म्हणजे रेडिएशन द्यायचं, हे रोजचं काम. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण जे रोज बघतो ते सांगतो.

आधी रिपोर्टमध्ये टी1 लिहिलंय की टी2 ते बघा. गाठ तंतूपुरतीच असून तंतू नीट हलत असेल तर तो टी1. अशा शंभरातल्या साधारण नव्वद जणांची गाठ नुसत्या शेकांनी जाते. तंतूची हालचाल मंदावली असेल किंवा आजार वर-खाली सरकला असेल तर टी2, आणि मग हा आकडा सत्तर-ऐंशीपर्यंत उतरतो. दोन्ही तंतू पुढे जिथे जुळतात त्या कोपऱ्याला अँटेरियर कमिशर म्हणतात. आजार तिथे पोचला असेल तर जास्त जपावं लागतं. ती जागा कातडीच्या अगदी जवळ आहे आणि मशीनचा किरण थोडा आत शिरल्यावरच पूर्ण जोर धरतो. म्हणून काही पेशंटच्या गळ्यावर आम्ही मेणासारखा थर ठेवतो.

रोजचा डोस किती, हेही विचारा. जपानमध्ये ओसाकाला टी1च्या 180 पेशंटवर अभ्यास झाला, 2006 साली छापून आला. रोज 2 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) दिलेल्यांत पाच वर्षांनी 77 टक्के लोकांचा आजार जागेवर आटोक्यात होता, रोज 2.25 ग्रे दिलेल्यांत 92 टक्के. दुसऱ्या गटाचे शेक कमी आणि उपचार लवकर संपलेला.

खाडा नको म्हणतो, त्याचं कारण इथेच आहे. तीन-चार आठवड्यांनी, शेकातून वाचलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. आपण सुट्टी घेतो, त्या घेत नाहीत. आमच्याकडे एक काका यात्रेसाठी सहा दिवस गेले, चौथ्याच आठवड्यात. परत आल्यावर दिवस भरून काढायला त्यांना काही दिवस सकाळ-संध्याकाळ शेक द्यावे लागले, मधे किमान सहा तास ठेवून. घसा इतका सोलवटला की पाण्याचा घोटही उतरेना. मशीन बंद पडलं, सणाची सुट्टी आली, तरी तो शेक कधी भरून काढणार हे त्याच दिवशी विचारा.

विडी-सिगारेट आजपासून बंद. शेकाला काम करायला पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचावा लागतो आणि धूर नेमका तोच कमी करतो. मास्क लावताना पेशंटच्या श्वासाला विडीचा वास आला की मला आतून तुटल्यासारखं होतं. तंबाखू, मिश्रीही सोडायला लावा. हिमोग्लोबिन कमी असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मास्क त्यांच्याच चेहऱ्यावर, गरम पाण्यात मऊ करून बनवतात. वजन उतरलं की तो ढिला होतो, मान हलते. त्यामुळे घास उतरत नसेल तेव्हा भाताची पेज, दूध, मऊ खिचडी, जे जाईल ते द्या. शेक चालू असताना गिळू नका, एवढं त्यांना सांगून ठेवा, कारण गिळताना स्वरयंत्र वर सरकतं.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आवाज आत्तापेक्षाही बसेल. उपचार फसला असं तेव्हा वाटेल, पण ती शेकाची सूज असते. आवाज सुधारायला पुढे काही महिने लागतात.