साध्या, कमी किमतीच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम पुरते की १६ हवीच?

चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६. ॲपलनेसुद्धा २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ती लॅपटॉप सुरू होण्यापुरतीच समजा. काहीही न उघडता तीन-साडेतीन जीबी जाते, इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेली चित्रं दाखवणारी चिप) त्याच रॅममधून वाटा घेतं आणि उरलेल्यात ब्राउझर नि व्हिडिओ कॉल. रॅम भरली की विंडोज एसएसडीवरच्या (फाइली साठवायच्या ड्राइव्हवरच्या) पेजफाइलमध्ये डेटा ढकलतं. एसएसडी रॅमच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून टॅब बदलताना अडखळतं.

८ जीबीच घ्यायची असेल तर आधी रॅमची पट्टी बसवायचा स्लॉट बघा. माहितीत रॅमचा प्रकार 'एलपीडीडीआर' लिहिला असेल तर रॅम बहुधा बोर्डावर सोल्डर केलेली असते, वाढवता येत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड'पुढे २ पैकी १ दिसलं तर आणखी ८ जीबीची पट्टी टाकता येईल. ड्युअल चॅनलमुळे (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरल्या गेल्याने) ग्राफिक्सही सुधारतं. (कधीकधी सोल्डर केलेली रॅमही स्लॉट म्हणून मोजली जाते, त्यामुळे मॉडेलच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा.) पट्टी घेताना रॅमची पिढीही बघा: डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही.