हलशी खरंच कदंब राजघराण्याची राजधानी होती का? त्रिलोचन कदंबाने ती वसवली का?

खानापूर तालुक्यातली आपली हलशी राजधानी होती, हो. बनवासी मुख्य, हलशी दुसरी. पण शंकराच्या घामाच्या थेंबातून कदंबाच्या झाडाखाली जन्मलेल्या त्रिलोचनाने ती वसवली, हे मात्र जुळत नाही. ती कथा गावापेक्षा कितीतरी धाकटी आहे.

आधी नाव बघा. हलशीत सापडलेल्या ताम्रपटांत गावाचं नाव 'पलाशिका' आहे. पलाश म्हणजे पळस. जुन्या कानडीतला शब्दाच्या सुरुवातीचा 'प' पुढे 'ह' झाला. पुलीची (वाघ) हुली झाली, आणि इथल्या निम्म्या गावांच्या नावांत असलेली 'हळ्ळी' ही मूळची 'पळ्ळी'. तसंच पलाशिका, पलसिगे, हलसिगे, हलशी.

हे ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातले, संस्कृतातले. एकात युवराज काकुस्थवर्मा आपल्याला तारणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला खेट गावातलं शेत देतो. दुसऱ्यात मृगेशवर्मा वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय (जैन मंदिर) बांधतो आणि ३३ निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन लावून देतो. देव-राक्षसांच्या कथा कुठेच नाहीत. आहे ती शेताची मोजणी. मला हेच फार मोलाचं वाटतं.

घराण्याची सगळ्यात जुनी हकीकत शिमोगा जिल्ह्यातल्या ताळगुंदच्या शिलालेखात आहे. घराण्याचा संस्थापक मयूरशर्मा हा वेद शिकायला कांचीला गेलेला ब्राह्मण. तिथे पल्लव राजांच्या घोडेस्वाराशी भांडण झालं आणि त्याने तलवार धरली. त्यात कदंबाचं झाड फक्त घराजवळ उभं आहे. त्याच झाडाखाली शंकराचा घाम पडला आणि तीन डोळ्यांचा पुरुष जन्मला, हे गोव्याच्या कदंबांच्या लेखांत येतं, म्हणजे पाचएकशे वर्षांहून अधिक काळानंतर. बनवासीचे जुने कदंब आणि नंतरचे गोव्याचे कदंब एकच धरले की सगळा घोळ होतो.

हलशीतलं भूवराह नरसिंहाचं देऊळ या गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. तिथल्या शिवचित्त पेर्माडी या राजाच्या लेखात कलियुगाचं ४२७० वं वर्ष दिलंय. त्यावरून देऊळ चार हजार वर्षांचं समजू नका. कलिवर्षातून ३१०१ वजा करायचे: इ.स. ११६९.