सीएसएमटीच्या फाटकावर सिंह आणि वाघ का? प्राण्यावरून खंड ओळखता येतो का?

फाटकाचं उत्तर सरळ आहे. एका खांबावरचा सिंह म्हणजे ब्रिटन, दुसऱ्यावरचा वाघ म्हणजे हिंदुस्थान. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांची ही इमारत १८८८ साली पुरी झाली, पण ही जोडी त्याहून जुनी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, त्या लढाईसाठी ईस्ट इंडिया कंपनीने काढलेल्या पदकावर सिंहाने वाघाला खाली लोळवलंय. तो वाघ टिपूचा. फाटकावर मात्र झुंज नाही, दोघे आपापल्या खांबावर आहेत. माझ्या मते प्राणी कोणता यापेक्षा तो काय करतोय हे आधी पाहावं.

खंडांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. जुन्या युरोपीय चित्रांत आणि शिल्पांत प्रत्येक खंड एका बाईच्या रूपात दाखवत, आणि तिच्याजवळ एखादा प्राणी असे. युरोपातले चित्रकार बरीच वर्षं चेझारे रिपा यांच्या 'इकोनोलोजिया' या प्रतीककोशाचा आधार घेत (पहिली आवृत्ती १५९३, चित्रांसह १६०३). त्यात युरोपजवळ घोडा, आशियाजवळ बसलेला उंट, आफ्रिकेजवळ सिंह आणि साप, अमेरिकेच्या पायाशी मोठा सरडा. पुढे हा सरडा मगरीसारखा होत गेला. पण सगळ्यांनी हे पाळलं नाही. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या राजवाड्यात इटालियन चित्रकार तिएपोलोने १७५२-५३ मध्ये रंगवलेल्या छतावर आशिया हत्तीवर बसलीय आणि उंट आफ्रिकेकडे गेलाय. लंडनच्या अल्बर्ट स्मारकातही तसंच, शिवाय तिथे अमेरिकेला बायसन (तिकडचा रानबैल) मिळालाय. म्हणून नुसता उंट दिसला की 'आशिया' म्हणून मोकळं होऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतो तो हत्ती. सोंड आणि सुळे वर आलेलं हत्तीचं कातडं टोपीसारखं डोक्यावर दिसलं, की आपल्याकडे लगेच 'भारत' म्हणतात. बॅक्ट्रियाचा (आजच्या अफगाणिस्तानाच्या आसपासचा प्रदेश) ग्रीक राजा डिमेट्रियस याच्या नाण्यांवर (इ.स.पू. सुमारे २००) ते भारताकडेच बोट दाखवतं. पण रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यावर हीच टोपी घालून आफ्रिका पहुडलीय. तिच्या हातात विंचू आहे, त्यावरून उलगडा होतो.

तेव्हा प्राणी शेवटी पाहा. आधी बाईच्या हातात आणि डोक्यावर काय आहे ते बघा: पिसांचा मुकुट आणि धनुष्यबाण असेल तर अमेरिका, धुपाचं पात्र असेल तर आशिया, विंचू असेल तर आफ्रिका, राजमुकुट आणि शस्त्रं असतील तर युरोप. मग ते चित्र किंवा शिल्प कोणत्या सालचं आणि त्यासाठी पैसे कोणी दिले ते तपासा. सिंह तर हमखास घोटाळा करतो: रिपाकडे तो आफ्रिकेचा, फाटकावर ब्रिटनचा, आणि सारनाथच्या स्तंभावर अशोकाचा.